एक टोपलं कमी

१

बर्फ चालतो, तर त्याच्यात अडकलेला माणूसही चालतो का?

हे मी आपो रोझींना, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांना विचारलं. ते दाढी कुरवाळत बसले. मशिदीतल्या आखोनसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "फातिहा वाच, मुसा." शाळेच्या मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे विचारायला तू शाळेत यायला हवं होतंस." आईला विचारायची हिंमत झाली नाही. आता विचारायचं तर मनातच विचारावं लागतं. तोंड उघडून चालणार नाही.

आमच्याकडे बर्फ लावतात. जर्दाळूचं कलम लावतात तसा. गावाचा ओढा आटत चालला की म्हातारे एकत्र बसतात आणि म्हणतात, लग्न लावायला हवं. मग दोन हिमनद्यांचा बर्फ आणायचा. एक नर, एक मादी. नर म्हणजे काळी हिमनदी. तिच्या अंगावर दगडधोंडे असतात, लांबून बघितलं तर वाटतं नुसता डोंगर घसरून पडलाय. मादी निळी, चकचकीत. तिच्या पोटातून पाणी सुटतं. दोघांचे तुकडे गावावरच्या सावलीतल्या घळीत एकत्र निजवायचे, कोळसा आणि गव्हाचा भुसा पसरायचा, पाण्याने भरलेले भोपळे मधे ठेवायचे आणि वरून दगड लावून बंद करायचं. लागला तर पहिल्याच वसंतात ओढ्याला थोडं पाणी येतं, काही वर्षांनी तिथे नवा बर्फ धरतो, वाढतो आणि एक दिवस चालायला लागतो.

पण आणताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पाठीवरचं टोपलं वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. आणि बोलायचं नाही. टोपलं टेकलं किंवा शब्द सुटला, की पाठीवर राहतं ते फक्त पाणी.

म्हणून प्रत्येकाच्या हातात टेकू असतो. आडव्या मुठीची काठी. दम लागला की उभ्यानेच टोपल्याच्या बुडाला ती लावायची आणि भार तिच्यावर सोडायचा. अगदीच जमेनासं झालं तर काठी दगडावर ठोकायची. दोन ठोके, जरा थांबून एक. टक टक. टक. मग मोकळा माणूस येतो, तुमच्याकडे पाठ करून खाली वाकतो आणि दोर तुमच्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर जातात. टोपलं कलत नाही. कोणी कोणाचं तोंड बघत नाही.

मला त्यांनी नेलं नाही.

"याला?" आपो रोझी म्हणाले. "हा झोपेतसुद्धा बडबडतो."

"याला नेलं तर नवरी लग्नाआधीच पळून जाईल," हादी म्हणाला. सगळे हसले. हादी आमच्या शेजारचा, माझ्या भावाच्या वयाचा.

फक्त माझा भाऊ हसला नाही. त्याने माझी टोपी ओढून डोळ्यांवर आणली आणि म्हणाला, "मुसा घळीत राहील. जागा साफ करेल. आम्ही येऊ तेव्हा नवरीला गादी मऊ पाहिजे."

"आणि तू दमलास तर?" मी म्हणालो. "तुझं ओझं कोण घेणार?"

"तूच घेशील. दुसरं कोण घेतंय?"

२

ते आले तेव्हा मी घळीत भुशाची पोती सोडत होतो. एकामागून एक माणसं चढून आली, टोपली उतरवली, बर्फ निजवला. कोणी बोलत नव्हतं. मी दगडावर उभा राहून वाट बघत होतो. हादीच्या मागे कोणी नव्हतं.

आपो रोझींनी हाताने विचारलं. हादीने मागे बघितलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला कळलं की मागे कोणी नाही.

बोलला कोण, तर मी. मी ओरडलो, "दादा कुठाय?" आपो रोझींनी झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. घळ अजून बंद व्हायची होती. त्यांच्या हाताला कोळसा होता. तो माझ्या जिभेला लागला. त्यांनी मला तसंच धरून ठेवलं आणि बाकीच्यांनी दगड लावले, सगळे दगड, शेवटचा लहान दगडसुद्धा. मग त्यांनी हात काढला.

"आता ओरड," ते म्हणाले. ते स्वतःच रडत होते.

येताना काळी हिमनदी आडवी ओलांडावी लागते. तिच्यावर भेगा असतात. काही रुंद, काही एवढ्या अरुंद की माणूस कडेने पाऊल टाकतो आणि खाली पोकळी आहे हे त्याला कळतही नाही. आम्ही दोर घेऊन धावलो. मी प्रत्येक भेगेवर पालथा पडून हाक मारली. खालून गार हवा यायची आणि खूप खोल पाण्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडायला लागला आणि सगळ्या भेगा बुजल्या. पांढरं, सपाट. त्यावर माझीच पावलं.

मी हादीची गचांडी धरली.

"तू त्याच्या पुढे होतास. काहीच ऐकलं नाहीस?"

"ऐकलं," हादी म्हणाला.

"काय ऐकलंस?"

"टेकू वाजला. दोनदा. मग एकदा."

"आणि तू?"

"माझ्या पाठीवर ओझं होतं, मुसा. मोकळी माणसं पुढे गेली होती. मी कसं घेणार? परत वाजला. मग आवाज जरा लांब गेला. मला वाटलं तो थांबलाय, दम खातोय. मागे वळून बघितलं असतं तर माझं टोपलं कललं असतं."

"तो ओरडला नाही?"

हादीने मान हलवली.

ते मला अजून कळत नाही. माझा भाऊ बर्फात पडत होता, आणि ओरडायचं सोडून त्याने काठी ठोकली.

३

बर्फात गेलेली वस्तू हिमनदी ठेवून घेत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. वर पडलेलं खाली येतं. हादीच्या आजोबांची याकगाय वरच्या कुरणाशी भेगेत पडली होती. हादीचा बाप म्हातारा झाला तेव्हा ती खालच्या तोंडाशी बाहेर आली. अंगावरचे केस तसेच, गळ्यातली घंटा तशीच. हादीच्या बापाने लहानपणी वाजवलेली घंटा.

म्हणून मी रोज खिंड ओलांडून काळ्या हिमनदीच्या तोंडाशी जाऊन बसायचो. पाठीला घोंगडी, खिशात सुके जर्दाळू. तिथे बर्फाची मळकी कमान आहे. तिच्यातून राखेच्या रंगाचं पाणी येतं. बर्फ खालचा खडक दळतो, त्याचं ते पीठ.

आपो रोझी एकदा काठी टेकत तिथे आले. माझ्या शेजारी बसले.

"घरी चल, पोरा."

"तो येणार ना इथे?"

"येईल. तुझ्या नातवाच्या काळात."

"एवढा वेळ का लागतो?"

"अरे, बर्फ म्हणजे काय नदी आहे?" ते म्हणाले. "वरती बर्फावर बर्फ पडतो. दरवर्षी. वरचा खालच्याला दाबतो. दाबता दाबता त्याच्यातला श्वास निघून जातो. श्वास गेला की तो निळा होतो. निळा झाला की स्वतःच्याच भाराने सरकायला लागतो. घाई नाही त्याला. वाटेत डोंगर आला तर डोंगर खरवडतो."

"श्वास गेल्यावर चालायला लागतो?"

"हो."

तेवढ्यात कमानीच्या आतून आवाज आला. टक टक. टक.

मी आपोंकडे बघितलं. ते पाण्याकडे बघत होते.

"दगड," ते म्हणाले. "आत दगड सुटतात. छतातून पडतात."

दगड पडतातच. मी स्वतःला तेच सांगितलं. दोन दगड पडले, मग एक. दगडाला काय, कसेही पडतील. मी पुन्हा कान दिला तर नुसतं पाणी.

उठताना आपो रोझींच्या गुडघ्यांनी आवाज केला. ते जरा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवरीचं एक टोपलं कमी पडलं, मुसा. त्याच्या पाठीवरचं. पुरेल की नाही, सांगता येत नाही."

४

हिवाळ्यात सूर्य आमच्या गावावर येत नाही. समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर ऊन दिसतं, दुपारी येतं आणि जातं. आम्ही सगळे खालच्या खोलीत उतरतो. वरची खोली उन्हाळ्याची, खालची हिवाळ्याची. ती अर्धी जमिनीत असते. छताला एक चौकोनी भोक, त्यातून शिडी. आत चूल, आम्ही तिघं आणि कुडाच्या पलीकडे शेळ्या. शेळ्यांची ऊब लागते. वासाची सवय होते.

आमच्या खोलीची मागची भिंत बांधलेली नाही. तो खडकच आहे. गाव जुन्या बर्फाने आणून टाकलेल्या दगडांवर वसलंय. फार पूर्वी बर्फ इथपर्यंत आला होता आणि जाताना त्या खडकावर ओरखडे ठेवून गेला. लांब, सरळ, शेजारी शेजारी, बोटांएवढे रुंद. लहानपणी दादा आणि मी अंथरुणात पडून त्या ओरखड्यांतून बोटं फिरवायचो. तो म्हणायचा, "बघ, डोंगरालासुद्धा खाजवावं लागतं."

आता तिघंच होतो. आई, मी आणि किश्वरवहिनी. आई अजून चौथा पेला काढायची, मग तो पालथा घालून ठेवायची. कबर नव्हती, त्यामुळे शोक कुठे ठेवायचा कळत नव्हतं. वहिनी रडायची नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, भिंतीकडचा कोपरा झाडायची, मग चूल पेटवायची, लोणी घालून खारट चहा करायची. मी चहात सत्तू कालवून खायचो आणि काही बोलायचो नाही. आई म्हणायची, "बोल की रे काहीतरी. तू गप्प बसलास की मला भीती वाटते."

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी जर्दाळूच्या बिया फोडत होतो. मला वाटलं माझाच आवाज. थांबलो. टक टक. टक.

शेळी असेल. मी उठून शेळ्यांकडे गेलो. सगळ्या उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे. एकही रवंथ करत नव्हती. मी त्यांच्या पायांत गवत पसरलं, म्हणजे खूर वाजणार नाही.

पुन्हा आला.

छताची तुळई असेल. थंडीने लाकूड आवळतं. मी शिडीवर चढून तुळईला हात लावून बसलो. आवाज आला तेव्हा तुळई हलली नाही.

"तुला ऐकू आलं?" मी वहिनीला विचारलं.

"काय?"

"टकटक."

"नाही," ती म्हणाली, फार लवकर म्हणाली. आणि चहा उतू गेला.

५

मग मला पीठ दिसलं.

त्या दिवशी वहिनीला ताप होता, म्हणून ती उठली नाही. चूल मी पेटवली. उजेडात बघितलं तर मागच्या भिंतीच्या पायथ्याशी राखाडी पीठ पडलं होतं. बारीक, मऊ, थोडं ओलं. मला वाटलं सत्तू सांडला. बोटाने उचलून जिभेला लावला.

सत्तू नव्हता. दगड होता. हिमनदीच्या तोंडातल्या पाण्यासारखी चव.

मी खडकावर हात ठेवला. तो गार असतोच, पण हा गारवा हाताला चिकटला. ओरखड्यांतून बोट फिरवलं. ते लहानपणापासून माझ्या बोटाला माहीत आहेत, कडा गुळगुळीत झालेल्या. त्यात एक नवा होता. त्याच्या कडेने बोट कापलं.

मागून वहिनी बोलली. "सोड ते. मी झाडते."

ती अंथरुणात उठून बसली होती. मला एकदम सगळं कळलं.

"रोज असतं?" मी म्हणालो.

तिने केरसुणीकडे हात लांबवला.

"वहिनी, रोज झाडतेस तू हे?"

"हळू बोल. आई उठेल." तिने डोक्यावरची ओढणी पुढे घेतली. "पहिला मोठा बर्फ पडला तेव्हापासून. आधी चिमूटभर असायचं. आता सुपली भरते."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुला?" ती जवळजवळ हसली. "तू कुदळ घेऊन भिंत फोडली असतीस."

खरं होतं. माझी नजर कुदळीकडे गेलीच होती.

"तोच आहे ना?" मी म्हणालो.

"त्याला ओझं झेपत नाहीये, मुसा," ती म्हणाली. "एवढंच मला कळतं. तो टेकवत नाही आणि ओरडत नाही. कुणीतरी घ्यावं म्हणून ठोकतो. आणि मी इथे पोळ्या लाटते."

"मला वाटलं मीच एकटी ऐकते," आई म्हणाली.

ती जागी होती. छताकडे बघत होती. किती वेळ जागी होती कोण जाणे.

"त्याला लहानपणीसुद्धा जड झालं हे सांगायचं सुचायचं नाही," आई म्हणाली. "पाण्याची घागर उचलून आणायचा. ओठ निळे पडायचे. पण ठेवायचा नाही. मीच मागून जाऊन घ्यायची." तिने पाय अंथरुणाबाहेर काढले आणि पायांना गुंडाळायच्या लोकरीच्या पट्ट्या शोधायला लागली.

"आई, कुठे चाललीस?"

"कुठे नाही. तयार ठेवते. पुढच्या वेळी वाजलं की मी जाणार."

६

त्यानंतर बर्फ थांबलाच नाही. गल्ली बुजली, मग जनावरांचा दरवाजा बुजला. छतातल्या भोकाभोवतीचा बर्फ मी रोज खोदायचो आणि तो रोज पुन्हा भरायचा. हादी छपरांवरून सरपटत यायचा, भोकातून चाऱ्याची पेंडी खाली टाकायचा आणि एखादी थट्टा करायचा. "कसं काय, बिळातले? अजून एकमेकांना खाल्लं नाहीत ना?" मी पेंडी उचलून शेळ्यांकडे जायचो. तो थोडा वेळ भोकाशी थांबायचा. मग जायचा. एकदा जाता जाता म्हणाला, "रात्री आमच्याकडे नाही वाजत. फक्त तुमच्याकडे." आणि मी वर येईपर्यंत निघून गेला होता.

आईचे पाय आता दिवसभर पट्ट्यांत गुंडाळलेले असायचे. ती शिडीजवळ बसायची, सूत कातायची, चाती फिरवताना मधेच हात थांबवायची. वहिनी तिच्या समोर बसायची. दोघींचं बोलणं नव्हतं. पण मी शिडीकडे गेलो की दोघी बघायच्या, आणि दोघींपैकी एक उठली की दुसरी उठायची. कोण आधी जातंय याची जणू पैज लागली होती. आई साठीची. एका डोळ्याने तिला कमी दिसतं. वहिनीच्या अंगात ताप. बाहेर कमरेएवढा बर्फ.

मी म्हणालो, "हा सगळा खुळेपणा आहे. खडकात पाणी शिरलंय. ते गोठतं, खडक तडकतो. त्याचा आवाज आहे."

"बरं," आई म्हणाली आणि चाती फिरवली.

मला सिद्ध करायचं होतं. मी चुलीतलं लाकूड घेतलं आणि मागच्या भिंतीवर ठोकलं. दोन. थांबून एक.

काही नाही. शेळ्यांचा श्वास. लाकडाची राख माझ्या बाहीवर पडली.

"बघा," मी म्हणालो आणि वळलो. माझा डावा तळहात अजून खडकावर होता.

त्याच्याखाली, तळहाताच्या अगदी मागे, एकच ठोका बसला. जोरात नाही. दाराच्या पलीकडून कोणी बोटाने ठोकावं तसा. बोटांपासून कोपरापर्यंत गेला.

मी हात ओढून घेतला. खडकावर माझ्या हाताचा आकार उमटला होता. दहिवराचा. पाच बोटं, मधे पोकळ.

मी विचार करायला लागलो, मला येतो तसा. काळी हिमनदी पलीकडच्या खोऱ्यात. तिचं तोंड तिकडे, उतार तिकडे. इकडे काहीच येऊ शकत नाही. मधे अख्खा डोंगर आहे. बर्फ कसाही चालला तरी उताराने चालतो. मग मला आपोंचं बोलणं आठवलं. वाटेत डोंगर आला तर डोंगर खरवडतो. आणि मला कळलं, तो बर्फाबरोबर खाली चाललेलाच नाही. त्याला खाली यायचं नाहीये. त्याच्या पाठीवर नवरीचं टोपलं आहे आणि घळ आमच्या घराच्या वर आहे.

तो पोचवायला निघालाय.

७

आपो रोझींचा निरोप हादीने आणला. भोकातून पेंडी टाकली आणि थट्टा केली नाही.

"आपो घळीत जाऊन आले," तो म्हणाला. "त्या वयात, या बर्फात. भुसा कोरडा आहे म्हणाले. आतून थंडी येत नाही. दगडांवर कान ठेवला तर काही ऐकू येत नाही. लग्न लागलं नाही अजून."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे वसंतात ओढा आला नाही तर सामान बांधायचं. खाली स्कर्दूला, नाहीतर जिथे जागा मिळेल तिथे." त्याने नाक पुसलं. "ते म्हणतात, एका टोपल्याचा प्रश्न आहे."

तो गेला. आईने चाती बाजूला ठेवली.

दुपार होती. भोकातून दुधासारखा उजेड येत होता, त्यात बर्फाचे कण तरंगत खाली यायचे आणि चुलीवर पोचायच्या आत विरायचे. चुलीवर सलगमं शिजत होती. आणि आवाज आला.

या वेळी भिंतीतून नाही. वरून. आमच्या छताच्या मागे, जिथून घळीची वाट सुरू होते तिथून. टक टक. टक.

आई उठली. वहिनी उठली. दोघींच्या हाताला शिडी एकाच वेळी लागली.

मी दोघींना मधून ढकललं. जोरात ढकललं, वहिनी गवतावर पडली. मी चढलो. भोकाबाहेर आलो आणि मागे वळून शिडी वर ओढून घेतली. हे मी ठरवलं नव्हतं. हात करून मोकळे झाले. हादी संध्याकाळच्या पेंडीला येईलच, तो शिडी सोडेल. तोपर्यंत त्या खाली बऱ्या.

"मुसा!" आई खालून ओरडली. "शिडी सोड! मुसा, तो माझा मुलगा आहे!"

"माझा भाऊ आहे!" मी ओरडलो. मी ओरडून बोललेलं ते शेवटचं.

बाहेर वर-खाली काही नव्हतं. सगळं पांढरं. मी कमरेएवढ्या बर्फात आवाजाच्या दिशेने गेलो. छत संपलं, वाट असायला हवी तिथे वाट होती. कोणीतरी तुडवलेली.

तो उभा होता. सरळ नाही. ओझ्याखाली माणूस वाकतो तसा, टेकू टोपल्याला लावून. माझ्याकडे पाठ होती. टोपल्यावर बर्फाचा कण बसत नव्हता. भोवती सगळीकडे बसत होता. टोपल्यातून निळा उजेड येत होता, आणि त्या निळ्यात त्याची मान मला दिसली. मानेवरचे केस वहिनीने कापले होते तसेच, थोडे वाकडे.

मी "दादा" म्हणणार होतो. दात घट्ट आवळले.

तो वळायला लागला. हळू. बर्फ चालतो तेवढ्या हळू. कान दिसला, गालाचं हाड दिसलं. ते गालाचं हाड नव्हतं, त्याच्यावर ओरखडे होते, सरळ, शेजारी शेजारी. मी त्यापुढे बघितलं नाही. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. मी पाठ केली आणि गुडघे वाकवले.

आधी काहीच झालं नाही. मग दोर माझ्या खांद्यांवर आले. एक, मग दुसरा. ते वाळलेल्या कातड्यासारखे कडक होते. मग भार आला. मी पोती वाहिलीत, तुळया वाहिल्यात, मेलेली शेळी वाहिली आहे. हे तसं ओझं नव्हतं. कितीतरी हिवाळे एकावर एक पाठीवर ठेवावेत, वरच्याने खालच्याला दाबावं, असं होतं. माझ्या छातीतला श्वास निघून गेला. परत पूर्ण आत आला नाही, अजून आलेला नाही.

माझ्या हातात टेकू आला. मुठीवर चाकूने कोरलेली खाच अंगठ्याला लागली. ती दादाने कोरली होती, माझ्यासमोर.

मागे कोणीतरी लांब श्वास सोडला. खूप लांब. तो माझ्या मानेवर आला आणि तो गरम होता. मग काही नाही. मी वळून बघितलं नाही. टोपलं कललं असतं.

मी चालायला लागलो. घळ वरच आहे. ही वाट मी लहानपणापासून चढतो, सलगमं शिजेपर्यंत माणूस पोचतो. मी चाललो. अजून चालतो आहे. पायाखालचा बर्फ माझ्याबरोबर सरकतो, त्यामुळे घळ जवळ येते की लांब जाते ते कळत नाही. ओठ बधिर झालेत. टेकवायचं नाही. बोलायचं नाही. मला, ज्याला झोपेतसुद्धा गप्प बसता येत नाही.

खालून आईची हाक येत होती. "मुसा! कोण आहे तिथे? बोल ना रे! काहीतरी बोल!"

मी बोललो नाही.

मग दम लागला. मी टेकू टोपल्याला लावला आणि भार सोडला. काठीचं टोक बर्फातून खाली जाऊन दगडाला लागलं. टक.

आईची हाक एकदम थांबली.

ती ऐकत होती. वहिनीही ऐकत असणार. भोकाखाली दोघी, माना वर करून, पायांना पट्ट्या बांधलेल्या. माझ्या हाताला आणखी एकदा ठोकायचं होतं. हात स्वतःहून उचलला जात होता. ठोकलं असतं, तर त्या भिंतीला नखं लावून वर आल्या असत्या.

मी भार पुन्हा पाठीवर घेतला आणि काठी उचलून धरली. दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली, काठीच्या खालच्या टोकाला गुंडाळली आणि दातांनी टोपीची दोरी ओढून घट्ट गाठ मारली, म्हणजे आवाज येणार नाही.